कमलाक्षी अत्याचं काळं तेल

तंजावुरातल्या आमच्या मेलवीथीत अशी वदंता होती की कमलाक्षी अत्या आपल्या फियाटला दर शुक्रवारी तिळाच्या तेलानं न्हाऊ घालते. तेल अंगभर चोळायचं, घटकाभर मुरू द्यायचं, मग शिकेकाईनं काढायचं. म्हणून तर बावीस वर्षांची गाडी लग्नाला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी दिसते. समोरच्या घरातले जयतीर्थ मामा ही बातमी सांगताना आवाज खाली आणत, मान डावीकडे कलती करत आणि शेवटचा शब्द दोनदा म्हणत, "म्या ह्या डोळ्यांनी पाहिलं. कोपरापर्यंत हात तेलात. तेलात. आणि बाजूस शिकेकाईचा डबा. डबा."

आता खरं काय ते सांगते. वार शुक्रवार नव्हता, रविवार होता. तेल तिळाचं नव्हतं, इंजिनाचं होतं. ते गाडीला लावलं जात नव्हतं, गाडीच्या पोटातून काढलं जात होतं. शिकेकाई मात्र खरी, पण ती गाडीला नव्हे, अत्याच्या हातांना. इंजिनाचं तेल साबणाला दाद देत नाही, नखांच्या कोपऱ्यात दडून बसतं. शिकेकाईची पूड भाताच्या पेजेत कालवून चोळली की निमूट निघतं. हा शोध तिचाच. त्यामुळे सगळ्या वीथीत स्वच्छ नखं कोणाची, तर जी बाई गाडीखाली पाठीवर झोपते तिची. माझी शाईनं निळी असत. आई माझा हात धरून म्हणायची, "अत्याची नखं बघ गे, आणि तुझी बघ." माझ्या पोटदुखीची सुरुवात इथून.

अत्या अप्पांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. आमच्याच घराच्या मागच्या अर्ध्या भागात राहते, तिची गाडीची शेड मागच्या गल्लीत उघडते. सतरा वर्षं ती टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होती. कानावर हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, आणि दिवसभर "नंबर प्लीज" हे दोनच शब्द, तेही असे की त्यातल्या प्लीजमध्ये ती उपकार मागत नाही, करते. सगळं तंजावूर तिच्या कानातून गेलेलं. तिरुवैयारूहून पाट, म्हणजे गाणं, शिकवणारे भागवतर नुसते खाकरले की ती म्हणे, "कुंभकोणमच ना, मामा?" आणि जोडून देई.

मी आवाज काढते. मोठेपणा नाही, पण माझ्या हेडमिस्ट्रेसच्या आवाजाला दोन वर्ग उठून उभे राहिलेले आहेत, आणि माझ्या आवाजातल्या कंडक्टरच्या शिट्टीवर ओरत्तनाडूची बस एकदा स्टँडवरून सुटलेली आहे. तर मी एकदा पोस्टातून एक्सचेंजला फोन लावला आणि कलेक्टर ऑफिसातल्या हेडक्लार्कच्या आवाजात म्हटलं, "अर्जंट. मद्रास. क्विक."  मग अत्याचा आवाज, गार, "हरी, चार वाजले. दूध तापवायचं काम तुझं. घरी जा."

सगळ्या गावात मला न फसणारा कान एकच, आणि तो आमच्याच घरात. जळू नको तर काय करू?

मग एक्सचेंजातला बोर्ड गेला, यंत्र आलं. लोक आपले आपण नंबर फिरवू लागले आणि अत्याला पापनाशमच्या ऑफिसात बिलांच्या खिडकीवर बसवलं. वाटलं, आता हिचा तोरा उतरेल. कसला उतरतो! रोज सकाळी फियाट घेऊन पापनाशम, रोज संध्याकाळी परत. मोकळा झालेला कान तिनं इंजिनाला लावला. गल्लीतून गाडी आत घेता घेता म्हणायची, "तिसऱ्याचा घसा बसलाय." तिसरा म्हणजे तिसरा सिलिंडर. मी शेडच्या दाराशी उभी राहून जीव एकवटून ऐकायची. मला चौघांचा मिळून एकच सूर ऐकू यायचा. वीथीतल्या प्रत्येक गाडीचा आवाज मला काढता येतो, जयतीर्थ मामांच्या स्कूटरचा तर तिच्यापेक्षा बरा येतो. त्या फियाटचा तेवढा कधी जमला नाही. बंद ओठांनी कोणी गुणगुणावं तशी ती चालायची.

ही फियाट मुळात आजांची. जाण्याआधी त्यांनी एका इनलँड पत्राच्या पाठीवर तीन ओळी लिहिल्या आणि जयतीर्थ मामांची साक्ष घेतली. गाडी कमलाक्षीला. तिनं ती आपल्या हातानं राखावी. ज्या वर्षी आयुधपूजेच्या दिवशी गाडी आपल्या बळावर लिंबू ओलांडणार नाही, त्या वर्षापासून ती रघोजीची.

रघोजी म्हणजे माझे अप्पा. थोरला मुलगा घरात असताना गाडी धाकट्या बहिणीला! पाच वर्षं अप्पांनी तो इनलँड तोंडपाठ ठेवला होता. नवी मारुती घेतली, पांढरी, सीटवरचा प्लास्टिकचा कागद अजून न काढलेली, तरी मागच्या शेडमधून फियाट सुरू झाली की त्यांचा पेपर खाली यायचा. अप्पा आधी खाकरतात, मग "हें बघ" म्हणतात, मग बोलतात. "हें बघ. आवाज सारखा नाही तिचा. यंदा बसते ती. काय?" हे ते दर वर्षी म्हणत. दर वर्षी आयुधपूजेला, म्हणजे नवरात्रातल्या नवमीला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली जात, अत्या गाडीत बसे, चिर्र, चिर्र, चारही सपाट, आणि अप्पा पुढचं वर्ष मोजायला घेत.

मलाही मोजावंसं वाटायचं, कारण अप्पा मला म्हणाले होते, "मारुतीला हात लावायचा नाही. ती फियाट माझ्याकडे आली की तुज तिच्यावर शिकवतों." मला सोळावं लागलं होतं. रात्रंदिवस ते स्टिअरिंग डोळ्यांसमोर. आणि त्याच्यामागे कायम तीच बसलेली, नखं स्वच्छ, पाठ ताठ.

चौऱ्याण्णव साल. बाजारात इंजिनाच्या तेलाचे नवे नवे टिन आले होते, सोनेरी, लाल, परदेशी अक्षरांचे. तोवर लोक कोणतं तेल, असं विचारत नसत, किती तेल, एवढंच विचारत. आवणी महिन्यातल्या, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराच्या, एका शनिवारी अत्या जुन्या बसस्टँडजवळच्या सतीशकुमारच्या दुकानात निघाली. पिशवी धरायला मी, आणि सल्ला द्यायला, न बोलावता, जयतीर्थ मामा.

सतीशकुमार गिऱ्हाइकाशी देवळातल्या गुरवासारखा बोलतो, डोळे अर्धे मिटून. "अम्मा, हे बघा. फॉरेन. आधी टिन बघा टिन. शोकेसमध्ये ठेवावा असा."

"टिन ओतायचा आहे का गाडीत?" अत्यानं विचारलं.

"घट्ट घे," मामा म्हणाले. "माझ्या पंपसेटला मी घालतों तें घे. इडलीच्या पिठासारखं हवं. हवं."

"मामा, तुमचा पंपसेट एके जागी बसून असतो. माझी गाडी पापनाशमला जाऊन येते. बसणाऱ्याला आणि चालणाऱ्याला एकच जेवण कसं वाढूं?"

मग तिनं मला टिनावरचे आकडे दाखवले. वीस, डब्ल्यू, चाळीस. "पहिला आकडा पहाटेचा, गाडी गार असतां तेल किती पातळ राहतं त्याचा. दुसरा दुपारचा, तापल्यावर किती घट्ट राहतं त्याचा. आपल्याकडे मार्गळीतली पहाट म्हणजे केवढी थंडी? मामा मफलर गुंडाळतात एवढीच. म्हणून पहिल्याची काळजी नको. दुसरा बघायचा. गाडीच्या पुस्तकांत चाळीस लिहिलंय, तर चाळीस."

"हा पन्नासवाला घ्या ना अम्मा, दहा जास्तच," सतीशकुमार म्हणाला.

"चप्पल दोन नंबर मोठी दिलीस तर मी दुप्पट चालेन का?"

दुकानात बसलेले दोघे हसले. तिच्या बोलण्याला लोक असे हसतात, बेत न करता. मला हशा मिळवायला अर्धा तास कोणाचा तरी आवाज काढावा लागतो.

तिनं प्रत्येक टिनाचं झाकण बोटानं चाचपलं, कारण गावात रिकाम्या टिनात जुनं तेल भरून विकणारेही होते. झाकणाची कड एकदाच दाबलेली आहे की दोनदा, हे तिला बोटाला कळायचं. दोन टिन तिनं परत सरकवले. सतीशकुमारनं डोळे पूर्ण उघडले आणि ते गुपचूप खाली ठेवले. स्वतःचे रिकामे टिन ती खिळ्यानं भोक पाडल्याखेरीज घराबाहेर जाऊ देत नाही. आणि त्या दिवशी तिनं एका वेळेला लागतं त्याच्या दुप्पट घेतलं.

"दुप्पट कशाला?" मी विचारलं.

"बावीस वर्षं जुन्या तऱ्हेचं तेल प्यालीय ती. आंत काजळी बसलीय. हें नवं तेल धुणारं आहे. पहिला घाणा घालायचा, थोडं चालवायचं, सगळी घाण सुटून त्यांत येईल, मग काढून टाकायचं. दुसरा घाणा आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. लिंबू ओलांडताना पोटांत कोरं तेल."

दुसऱ्या दिवशी रविवार. आधी गाडी वडवार नदीच्या वळणापर्यंत नेऊन आणली, तेल तापून पातळ व्हावं म्हणून. मग चाकांना विटा, पुढचा भाग लाकडी ठोकळ्यांवर, अत्या खाली. तिचे पाय तेवढे बाहेर, आणि आतून आवाज, "हरी, सतरा नंबरचा." मी पाना द्यायची. वाटायचं, चुकीचा द्यावा. ती हाताला लागताच ओळखायची. "हा एकोणीस." न बघता. तिच्या बोटांनासुद्धा कान होते की काय कोण जाणे.

तेलाबरोबर बाकीचंही ती पाहायची. ब्रेकचं तेल बदलायला एकट्या माणसाला जमत नाही म्हणतात, एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली बघायचं. ती कॉफीच्या रिकाम्या बाटलीत नळी बुडवून एकटीच करायची, बाटलीत बुडबुडे थांबले की झालं. गिअरच्या तेलाला हिंगासारखा उग्र वास, तो आला की आई खिडकी लावून घ्यायची. रेडिएटरला विहिरीचं पाणी नाही, पागोळीखाली धरलेलं पावसाचं. अप्पांची मारुती सर्व्हिसला जायची आणि परत आली की तिच्यात कुठलातरी नवा खुळखुळाट असायचा. तो खुळखुळाट मी जेवताना काढून दाखवायची. आई हसायची. अप्पा म्हणायचे, "हें बघ. फियाटचा काढ." मग मी भात कालवायला घ्यायची.

नवरात्र आलं. अष्टमीला संध्याकाळी पापनाशमहून परत येताच अत्यानं गरम इंजिनाखाली ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं आणि तेल सोडलं. आवणीतलं सोनेरी तेल आता डांबरासारखं आलं. मी म्हटलं, "शी! मेलं की हे."

तिनं पातेलं बुचाखाली नीट सरकवलं. रात्रभर थेंब थेंब निथळू दिलं. सकाळी उठून बूच घट्ट केलं, नवा फिल्टर बसवला, पाने पुसून बाकावर ओळीनं मांडले, शेजारी नव्या तेलाचे सोनेरी टिन. ओतायचं तेवढं राहिलं. इतक्यात तंजावूरच्या एक्सचेंजातून निरोप आला. तिथे पूजा मांडलेली, जुन्या सामानाच्या कपाटाची किल्ली अत्याकडे राहिलेली. "नवाच्या आंत येतें," म्हणून ती सायकलवर गेली.

नवाला आली नाही. अप्पा सोवळं नेसून पाटावर. राहुकाळ लागण्याआधी पूजा व्हायला हवी. माझं काम आयुधं गोळा करणं. आईची विळी, अप्पांचं पेन, माझी सगळी पुस्तकं, त्यात गणिताचं सर्वांत खाली, शिवणाचं यंत्र. शेडमधून अत्याचे पाने, हातोडी, नरसाळं.

आणि ते टिन.

विचारलं असतं कोणी तर मी म्हटलं असतं, टिन सुंदर होते, पूजेत शोभले असते. ते होतेच सुंदर. पण मला ठाऊक होतं. गाडीचं पोट रिकामं आहे, हे त्या सकाळी घरात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक सायकलवर होती. पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी पुनःपूजा होईतो हलवायची नाही, हे तर आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. मी टिन एकेक करून आणले, ओळीत मांडले आणि प्रत्येकाला चंदनाचं बोट आणि कुंकू लावलं.  छान गोल कुंकू लागलं.

अत्या आली तेव्हा आरती चालू होती. दारात उभी राहून तिनं सगळ्या मांडणीवरून नजर फिरवली. टिनांवर आली, थांबली. मग हात जोडले.

पूजा झाली, कापूर विझला, सगळे वीथीत आलो. मारुतीला हार, चाकांखाली लिंबं. अप्पा बसले, चिर्र, चारही गेली. मग त्यांनी फियाटकडे बोट केलं. "कमलाक्षी, आण तुझी."

"अण्णा, तिच्यांत तेल नाही."

"तेल कोठें आहे?"

"पूजेंत."

अप्पा खाकरले. इतका वेळ खाकरले की मला वाटलं आता "हें बघ" येतच नाही. पण आलं. "हें बघ. तेल काढून गाडी उभी करतात का नवमीला? आणि टिन पूजेंत ठेवतात? इतकी वर्षं गाडी राखलीस ती अशी? चाळिशी उलटलेल्या बाईला एवढं कळूं नये?"

सगळ्यांसमोर म्हणाले. शेजारची दोन घरं बाहेर आली होती. मला वाटलं आता ती म्हणेल, टिन मी ठेवले नाहीत. ती म्हणाली, "चुकलं."

जयतीर्थ मामांनी इनलँड आठवून मान डावीकडे कलती केली. "आपल्या बळावर, असं लिहिलंय. ढकललेली चालायची नाही. नाही."

"दिवस मावळायला वेळ आहे," अत्या म्हणाली.

"सतीशकुमारकडे जाशील?" अप्पा म्हणाले. "जा. त्याची किल्लीसुद्धा पूजेंत असेल आज."

ते खरं होतं. त्या दिवशी गावात तराजू पूजेत, कुलपं पूजेत, एक टिन मिळाला नसता. अप्पा आत गेले, त्यांची चालसुद्धा बदलली होती. मी शेडमध्ये अत्यामागे गेले. मला तिचा चेहरा बघायचा होता. एकदा तरी तो पडलेला बघायचा होता. ती बाकावर बसून तांब्यातून पाणी पीत होती.

"आज संपलं ना, अत्या?" मी म्हटलं. अगदी गोड आवाजात, आईच्या.

"पैज लाव."

"कशाची?"

"आज दिवस मावळायच्या आंत ही चार लिंबं ओलांडेल. कोणी ढकलायचं नाही. पूजेंतल्या कशास हात लावायचा नाही."

मी मनात सगळं तपासलं. टिन नाहीत. पाने नाहीत. नरसाळं नाही. दुकान नाही. "आणि मी जिंकले तर?"

"मग तुज काय, गाडीच तुमच्या घरांत येतेय. वर माझी सायकलही घे. मी जिंकलें तर तू तुझ्या अप्पाकडे जाऊन एक वाक्य बोलायचंस. कोणतं तें मग सांगेन. आणि बोलायचं तुझ्या आवाजांत. ह्याच्या त्याच्या नव्हे."

"लावली."

ती उठली आणि बाकाखालचं पातेलं बाहेर ओढलं. कालचं काळं तेल.

"तें?" मी किंचाळले. "तें मेलंय!"

"काळं झालं म्हणजे मेलं नव्हे. धुणारं तेल ते, घाण आपल्या अंगावर घेतली म्हणून काळं. दोन महिनेच चाललंय. अंगांत अजून बळ आहे त्याच्या. रात्रभर हललं नाही, जड गाळ खालीं बसलाय. वरचं घेऊं. रोज चालवायला नाही देणार, पण चार लिंबांना पुरे."

तिनं टीपकागदावर काडीनं एक थेंब ठेवला. मधे काळा ठिपका, भोवती करडं कडं, आणि त्याच्याबाहेर स्वच्छ पिवळी झालर हळूहळू पसरत गेली. "झालर दिसते ना? ती दिसते तोवर तेल जिवंत." मी झालर बघत राहिले. नसावी असं मला वाटत होतं. होती.

मागच्या अंगणातून तिनं केळीचं पान तोडलं, शिरेचा भाग काढून गोल वळवलं, टोक चिमटीत धरलं. नरसाळं तयार. आजांच्या जुन्या वेष्टीचा, धोतराचा, धुतलेला तुकडा चार पदरी करून त्यावर बसवला. मग पातेलं असं तिरकं केलं की वरचं वरचं तेवढं यावं, जसं आई ताकावरचं पाणी काढते. तेल कापडातून उतरत होतं, चमकत, घाई न करता. तळाचा जाड चिखल पातेल्यात राहिला. मला म्हणाली, "पान धर." आणि मी धरलं! जिच्याविरुद्ध पैज लावली तिचंच नरसाळं मी दोन्ही हातांनी धरून उभी. बोटांवरून तेल ओघळलं.

तिनं इंजिनातली मोजपट्टी काढली, पुसली, घातली, काढली. तेल खालच्या खुणेच्या अंगुळभर वर. "बास."

गाडीत बसली. किल्ली फिरवली पण लगेच पेटू दिली नाही. तोंड उघडं ठेवून, कान इंजिनाकडे, नुसतं दोन-तीनदा फिरवलं, सगळीकडे तेल पोचावं म्हणून. समोरच्या तबकडीवर, तेल पोचलं नाही हे सांगणारा लाल दिवा जळत होता. मी तो बघत होते. जळ, जळ, असं मी त्या दिव्याला म्हणत होते. मग तिनं गाडी पेटवली. दिवा क्षणभर राहिला आणि गेला.

ती गुणगुणू लागली. फियाट. काळ्या तेलावर. मी लक्ष देऊन ऐकलं, कुठे खरखर, कुठे घसा बसलेला, तिसऱ्यात, चौथ्यात, कशात तरी. काही नाही. तोच बंद ओठांचा सूर, जो मला काढता येत नाही.

वीथीत गाडी आली तेव्हा ऊन ओट्याच्या पायरीपर्यंत उतरलं होतं. जयतीर्थ मामा स्वतः वाकून लिंबं ठेवत होते. अप्पा दारात आले, पेपर हातात. अत्यानं पहिला गिअर टाकला. पुढची दोन, चिर्र. मग मागची दोन. मामा खाली वाकून चारही तपासून आले आणि वर बघून म्हणाले, "ओलांडलं. ओलांडलं." अप्पा पेपर घेऊन आत गेले. त्यांच्या पाठीवरून कळत होतं की तो वाचला जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुनःपूजा झाली, टिन उचलले, कुंकू पुसलं, काळं तेल काढून अत्यानं कोरं भरलं. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी शेडमध्ये ती शिकेकाई आणि पेज कालवून हात चोळत होती. तिनं वाडगा माझ्याकडेही सरकवला. मी हात बुडवले.

"बोल काय बोलायचं ते," मी म्हटलं.

"तुज ठाऊक आहे." हात चोळणं चालूच. "अप्पाला सांग, टिन कोणी ठेवले. सकाळीं त्यानं मज बोललेलं परत घ्यायला नको, तेवढं नुसतं त्याला कळूं दे."

"तुला कधी कळलं?"

"कुंकू बघून. इतकं गोल कुंकू घाईंत लागत नाही."

अप्पा पुढच्या खोलीत झोपाळ्यावर होते. जाताना मी मनात किती आवाज घेऊन पाहिले. आईचा असता तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. हेडमिस्ट्रेसचा असता तर उलट बोलले नसते. दारात उभी राहिले. त्यांनी पेपरावरून बघितलं. "काय?"

"अप्पा," मी म्हटलं, आणि थांबले, कारण तो आवाज कुणाचा होता मला कळेना. मागच्या दाराशी अत्या हात पुसत उभी होती, नीट ऐकता येईल इतक्या अंतरावर. मी पुन्हा सुरुवात केली. "अप्पा, तेलाचे टिन पूजेत मी ठेवले. मुद्दाम."